बट नंबर सात

"मॅडम, हात बनवा, हात!"

सहाव्या गोळीचा धूर अजून नाकात होता, अंगठ्याच्या मुळाशी कळ उठून डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पिंगळे साहेब मागून असे ओरडले की कुंपणाबाहेरची बकरीसुद्धा चरायची थांबली. समोरच्या पाटीवर माणसाची काळी आकृती चिकटवली होती. तिच्या छातीत एकही भोक नव्हतं. भोकं होती ती सगळी डावीकडे, खाली, कोऱ्या कागदात. दोन गोळ्या तर कागदाच्या वाटेलाच गेल्या नव्हत्या.

"साहेब, आणखी कसा बनवू?" मी म्हटलं. "हा देवानं बनवूनच पाठवलाय."

"वीट उचला. सकाळ-संध्याकाळ. मी उचललीय." साहेबांचे दोन्ही हात नेहमीसारखे पाठीमागे, त्यांत वेताची छडी. "हत्यार कधी माणसाच्या हाताजोगं होत नसतं. हात हत्याराजोगा करावा लागतो. कळलं?"

"कळलं, साहेब."

"काय कळलं?"

"वीट."

रांगेतले शिपाई खाली माना घालून हसले. मी एकतीस नंबरचं रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि हात झटकला. अंगठ्याचं मूळ टम्म फुगलं होतं.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, कारण त्यातले बरेचजण अजून पेन्शन घेतायत आणि माझे फोन उचलतायत. मी विमल ठोंबरे, तेव्हा नवी फौजदार. नवी म्हणजे तीन वर्षं जुनी, पण बाई असल्यामुळे नवीच. तीन वर्षांत मी काय केलं? मोर्चातल्या बायकांना उचलून गाडीत बसवलं. मंत्री आले की मंत्र्यांच्या बायकोच्या मागे पर्स धरल्यासारखी उभी राहिले. सासू-सुनांची भांडणं मिटवली, आणि मिटवून घरी आले की माझी सासू विचारायची, "आज काय केलंस गं दिवसभर?"

आणि मग त्या श्रावणात एसपी साहेबांनी मला बोलावून घेतलं. सावळघाटच्या चौकीचा चार्ज रिकामा झाला होता. घाटात ट्रक अडवून लुटायचे प्रकार चालले होते. साहेब तरुण, परराज्यातले. मराठी तोलून-मापून बोलायचे.

"ठोंबरे, मी तुम्हाला चौकी देऊ इच्छितो," ते म्हणाले. "पण घाटात रिव्हॉल्व्हर शोभेसाठी नको. दसऱ्यानंतर फायरिंगची टेस्ट आहे. सहापैकी चार गोळ्या काळ्यात पाहिजेत. पास झालात तर चौकी तुमची. नाही, तर त्याच दिवशी दुसऱ्याचं नाव लिहीन."

मी बाहेर आले ती जवळजवळ नाचतच आले. चौकी! स्वतःची खुर्ची, स्वतःचे चार शिपाई, स्वतःचा घाट! पर्स धरायचं काम संपलं. फक्त सहात चार गोळ्या. त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. कर्म माझं!

हत्यारांचा सगळा कारभार राखीव निरीक्षक दौलतराव पिंगळे यांच्या ताब्यात होता. भरदार मिशा, भरदार छाती, आवाज तर विचारूच नका. तरुणपणी त्यांनी राज्याच्या स्पर्धेत रिव्हॉल्व्हरचं सोन्याचं मेडल मारलं होतं आणि त्याची गोष्ट मुख्यालयातल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ होती. साहेब कुणाशी शेकहँड करायचे नाहीत. मोठा अधिकारी असला तर कडक सॅल्यूट, लहान असला तर दुरूनच मान हलवणं. फायरिंगच्या मैदानावर उजव्या हातात कातडी हातमोजा. आम्हाला वाटायचं, मेडलवाल्या माणसाची ऐट आहे.

त्यांच्या हाताखाली शस्त्रागाराचे हवालदार इनामदार. माणूस गरीब स्वभावाचा, पण पंजे असे की चहाचा कप त्यात दिसायचा नाही.

आता माझ्या हाताबद्दल सांगते. बांगड्या भरायला बसले की कासारीण म्हणायची, "बाई, सव्वादोनच्या वर काही चालायचं नाही तुम्हाला." सव्वादोन हे लहान पोरींचं माप. या हातात एकतीस नंबरची ती जाडजूड लाकडी मूठ. पंजा मुठीवर नीट बसवला, तर बोट चापापर्यंत पोचायचं नाही. बोट पोचवावं, तर मूठ हातात फिरवून घ्यावी लागायची. तशी फिरवली की धक्का पंजाच्या खोबणीत बसायच्या ऐवजी थेट अंगठ्याच्या हाडावर बसायचा. आणि बोटाच्या नुसत्या टोकानं चाप ओढला की तो सरळ मागे येतच नाही, अख्खं रिव्हॉल्व्हर डावीकडे ढकललं जातं. गोळी जाणार कुठे? डावीकडे, खाली. रोज. न चुकता.

हे मला आठवड्याभरात समजलं. दुसऱ्या कुणाला समजलंय असं दसऱ्यापर्यंत दिसलं नाही.

सल्ले द्यायला मात्र सगळे तयार. आमच्या ह्यांनी, म्हणजे जिल्हा परिषदेतल्या क्लार्क महाशयांनी, रबरी चेंडू आणून दिला. "दाबत बस," म्हणाले. "हाताला ताकद येते." सासूबाईंनी ते ऐकलं आणि पुरणपोळीची कणीक तिंबायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. मी व्हरांड्यात वीट उचलत फिरायचे, तर शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "बांधकाम काढलंय का हो?" हाताला ताकद आली, नाही असं नाही. पण ताकदीनं बोट लांब होतं का? बोट होतं तेवढंच राहिलं!

इनामदारांना माझी दया आली. एका सकाळी ते म्हणाले, "मॅडम, लागतं ना हाताला? थांबा, मऊ करून देतो." त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापली आणि मुठीवर पट्ट्यापट्ट्यांनी छान गुंडाळून दिली. हातात घेतलं, तर काय मऊ! पहिली गोळी झाडली, अंगठा दुखला नाही. दुसरी झाडली, दुखला नाही. मला इतका आनंद झाला की मी टार्गेटकडे बघायलाच विसरले. बघितलं तर सहाच्या सहा गोळ्या कागद सोडून मागच्या मातीच्या बांधात. मूठ आधीच जाड, तिच्यावर रबर चढवलेलं. बोटाचं टोकसुद्धा आता धड पोचत नव्हतं.

"पण दुखलं नाही ना?" इनामदारांनी विचारलं.

"नाही दुखलं, दादा."

"मग झालं की!"

मी ट्यूब सोडून त्यांच्या हातात दिली आणि तडक पिंगळे साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. मुठीवर माझा हात ठेवून दाखवला, बोट कुठवर येतं ते दाखवलं.

"साहेब, या लाकडाच्या दोन फळ्या नुसत्या एका स्क्रूवर आहेत. थोड्या घासून बारीक केल्या तर माझं बोट पोचेल. एवढंच आहे सगळं."

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू मी देव्हाऱ्यातली मूर्ती घासायला मागितली होती.

"घासून?" ते म्हणाले. "सरकारी हत्यार घासून? मॅडम, यावर काय लिहिलंय?"

मुठीच्या लाकडावर पांढऱ्या रंगात आकडा होता. आमच्याकडे प्रत्येक हत्याराला असा बट नंबर असतो आणि हत्यार त्याच नावानं ओळखलं जातं.

"एकतीस," मी म्हटलं.

"लाकूड घासलं की नंबर गेला. नंबर गेला की हत्यार गेलं. हत्यार गेलं की तुम्ही गेलात, मी गेलो, हा इनामदार गेला."

"नंबर परत रंगवता येईल की, साहेब."

"परत रंगवता येईल!" छडी पायावर आपटली. "सस्पेंड व्हाल, मॅडम. माझी पुढच्या वर्षी रिटायरमेंट आहे. वीट उचलताय का रोज?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण साहेब ते साहेब. मी सॅल्यूट ठोकला आणि घरी जाऊन कणीक अशी तिंबली की परात हलली.

खंडेनवमीला मुख्यालयात शस्त्रपूजा असते. आदल्या दिवशी साहेबांचा निरोप आला. ठोंबरे मॅडमनी सकाळी लवकर यावं, रांगोळी काढावी आणि पूजेची तयारी करावी. फौजदारांत एकटी बाई मी, तेव्हा रांगोळी माझ्याच वाट्याला येणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. मी गेले. वर्दीतच बसून रांगोळी काढली आणि मनातल्या मनात सगळ्या मुख्यालयाला शिव्या घातल्या.

चौरंगावर लाल कापड घातलं होतं. मागे रायफली उभ्या केलेल्या आणि पुढे, अगदी मधोमध, एकटं एक रिव्हॉल्व्हर. बट नंबर सात. साहेबांनी मेडल मारलं ते याच रिव्हॉल्व्हरनं. तेव्हापासून ते कुणाला द्यायचं नाही, त्यानं फायर करायचं नाही, वर्षातून एकदा पूजेला बाहेर काढायचं आणि परत कपाटात ठेवायचं, असा साहेबांचा हुकूम होता. त्यावरचा सातचा आकडा इतर नंबरांपेक्षा ठळक, नव्यानं रंगवल्यासारखा दिसत होता.

कापडावर गुलाल सांडला म्हणून मी ते रिव्हॉल्व्हर उचललं. नुसतं बाजूला ठेवायला. उचललं आणि तशीच बसून राहिले.

बोट चापावर होतं. टोक नव्हे, बोटाचं अख्खं पेर चापावर आरामात टेकलं होतं. पंजा मुठीच्या मागे नीट खोबणीत बसला होता. काही फिरवावं लागलं नाही, काही ओढावं लागलं नाही. मी ते समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर रोखलं. खिळा समोर स्थिर दिसला. हललासुद्धा नाही.

"अगं बाई!" माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

"मॅडम, ठेवा ठेवा!" इनामदार धावत आले आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "साहेब बघतील. याला आम्हीसुद्धा फक्त कुंकू लावताना हात लावतो."

"दादा, याची मूठ बारीक आहे."

"असेल. जुना माल आहे."

"एकतीस नंबरपण तितकंच जुनं आहे. एकाच पेटीतून आलीत ना सगळी?"

"मॅडम, ती समई जरा पुढे घ्या," इनामदार म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं.

पूजा झाली, आरती झाली, पेढे वाटून झाले. मी साहेबांना शस्त्रागाराच्या दारात गाठलं.

"साहेब, टेस्टपुरतं मला सात नंबर द्या."

छडी हलायची थांबली. "त्याला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच बोलावलंत ना, साहेब. तयारीला."

"रांगोळी काढायला बोलावलं होतं, मूठ धरायला नाही!"

"ती मूठ माझ्या हातात बसते, साहेब. माझी चौकी आहे हो त्या टेस्टवर."

"पूजेच्या हत्यारानं फायर करत नसतात."

"तुम्ही मेडल मारलंत ना त्यानं?"

"तेव्हा ते पूजेचं नव्हतं."

माझा संयम संपला. "मग असं करा. माझ्या एकतीस नंबरनं तुम्ही सहा गोळ्या मारून दाखवा. कशा मारायच्या ते मी बघते. तुमच्याकडे बघून शिकते."

साहेब जायला वळले. "माझा खांदा धरलाय सध्या," ते म्हणाले आणि निघून गेले. खांदा धरलेला माणूस छडी मात्र छान फिरवत गेला.

टेस्टच्या दिवशी एसपी साहेब स्वतः मैदानावर आले. खुर्ची टाकली होती, तीत ते बसले नाहीत. रांगेत उभे राहून एकेकाची पाटी बघत होते. माझी पाळी आली. पिंगळे साहेब हातमोजा घालून माझ्या मागे उभे. मी देवाचं नाव घेतलं, ह्यांच्या चेंडूचं घेतलं, विटेचं घेतलं आणि सहा गोळ्या झाडल्या.

शिपाई पाटीकडे पळत गेला. एकच गोळी काळ्यात होती, तीही काठावर. बाकीच्या नेहमीच्या जागी.

"ठोंबरे, हे काय आहे?" एसपी साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, निराशा होती, आणि तीच जास्त लागली.

"हात कच्चा आहे, सर," पिंगळे साहेब म्हणाले. "मी सांगतोय त्यांना..."

"थांबा, पिंगळे. सगळ्या गोळ्या एकाच बाजूला जातायत. कच्चा हात असता तर चारी दिशांना गेल्या असत्या. हेच हत्यार घ्या आणि तुम्ही झाडून दाखवा."

रांगेतले शिपाई माना उंचावून बघायला लागले.

"सर, माझा खांदा..."

"सहा गोळ्या, पिंगळे."

साहेब पुढे आले. त्यांनी एकतीस नंबर उचललं, एकदा हातात धरलं, परत खाली ठेवलं. मग सावकाश उजव्या हातातला मोजा काढला. मोजा घालून बोट चापापर्यंत पोचलंच नसतं, हे मला त्याच क्षणी कळलं. कारण तो हात मी पहिल्यांदाच जवळून, उघडा बघत होते. एवढा आडवा-उभा माणूस, एवढ्या मिशा, आणि हात? कासारणीनं बघताक्षणी सव्वादोनच्या बांगड्या काढल्या असत्या!

त्यांनी सहा गोळ्या झाडल्या. झाडताना तोंड वाकडं झालं आणि शेवटी त्यांनी अंगठ्याचं मूळ चोळलं. अगदी मी चोळायचे तसंच. पाटी आणली गेली. त्यांची भोकं माझ्या भोकांच्या शेजारी होती. डावीकडे, खाली.

"अच्छा," एसपी साहेब म्हणाले. "म्हणजे हत्यारच खराब आहे. नळी तपासायला पाठवा. ठोंबरे, तुमचं नशीब वाईट. चौकीचा आदेश मला आज काढावा लागेल, मी थांबू शकत नाही."

पिंगळे साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मी ऐकला तो. त्यांची सुटका झाली होती आणि माझी चौकी गेली होती. हत्यार खराब, म्हणे! दोन महिने विटा उचलल्या, कणीक तिंबली, आणि शेवटी दोष बिचाऱ्या नळीचा!

"सर, हत्यार खराब नाही," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं. "इनामदारांना द्या."

इनामदारांनी पिंगळे साहेबांकडे बघितलं, मग एसपी साहेबांकडे, आणि रिव्हॉल्व्हर उचललं. त्यांच्या पंजात एकतीस नंबर खेळण्यातलं वाटत होतं. सहा गोळ्या झाडल्या आणि सहाच्या सहा काळ्यात गेल्या. स्वतः इनामदारच सगळ्यांत जास्त चकित झाले.

"मूठ त्यांच्या मापाची आहे, सर," मी म्हटलं. "माझ्या मापाची नाही. मला बट नंबर सात द्या आणि सहा गोळ्या द्या. चार काळ्यात नाही गेल्या तर मी स्वतः दुसऱ्याचं नाव लिहून देईन."

"कुठे आहे सात नंबर?" एसपी साहेबांनी विचारलं.

इनामदार बुटाकडे बघत राहिले. मग पिंगळे साहेब वळले आणि एकटेच शस्त्रागाराकडे चालत गेले. परत आले तेव्हा हातात सात नंबर होतं. खंडेनवमीचं कुंकू अजून त्यावर होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कुंकू पुसलं आणि रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी झाडलं. काय सांगू, दुखलंच नाही! धक्का आला तो पंजातून मनगटात, मनगटातून दंडात गेला आणि विरला. शिपायानं पाटी आणली. पाच छातीत, एक जरा वर, पण काळ्यातच.

रांगेतून कुणीतरी "शाब्बास!" म्हणालं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

एसपी साहेबांनी सात नंबर हातात घेतलं. एकतीस नंबर दुसऱ्या हातात घेतलं. एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "एकाच बनावटीची आहेत ही दोन्ही," ते म्हणाले. "मग ही मूठ बारीक कशी?"

सरकारी हत्यारात फेरफार म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे पेन्शन अडकणार. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्याच मनात आलं, अडकू दे! भोगू दे! मला काय कमी छळलंय? आणि तरी माझं तोंड माझं ऐकेल तर ना.

"पूजेला दरवर्षी पुसून पुसून झिजली असेल, सर," मी म्हटलं.

"मॅडम!" मागून पिंगळे साहेबांचा आवाज कडाडला. "साहेबांसमोर खोटं बोलू नका! पुसून कधी लाकूड झिजतं का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला. मी या माणसाला वाचवत होते हो!

"मी घासलीय, सर," पिंगळे साहेब म्हणाले. ताठ उभे होते, पण आवाज कधी नव्हता इतका खाली आला होता. "कानशीनं. मी फौजदार असताना. नंबरपण मीच परत रंगवला. दरवर्षी रंगवतो."

एसपी साहेबांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं टेबलावर ठेवली. "मग ह्यांना का नाही घासू दिली?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"सर, सरकारी माल आहे," पिंगळे साहेब म्हणाले.

एसपी साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार जवळीक वाटली. "पिंगळे, तुम्हाला मेमो मिळेल," ते म्हणाले. "तिथेच संपवतो. आणि ठोंबरे, सोमवारपासून सावळघाट. सात नंबर घेऊन जा."

"सर, पण ते पूजेचं..."

"पिंगळे!"

"येस, सर."

दुपारी मी सात नंबर ताब्यात घ्यायला शस्त्रागारात गेले. साहेब एकटेच बाकावर बसले होते. मोजा शेजारी काढून ठेवला होता आणि ते अंगठा चोळत होते.

"साहेब, एकच सांगा," मी म्हटलं. रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम. "तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं माझं काय होतंय ते. आणि तुम्ही मला विटा उचलायला लावल्या?"

"माझ्या उस्तादांनी मला लावल्या होत्या," साहेब म्हणाले. "अख्खं एक वर्ष. सगळे हसायचे. एवढा मोठा गडी आणि गोळी बांधात. मग एका रविवारी कानस घेतली."

"मग सांगायचं ना!"

"कुणाला? मेडल मिळालं होतं. लोक म्हणाले असते, पिंगळे काय मारतोय, कानशीनं मारलं मेडल. पोरींचे हात आहेत त्याचे." ते मोजा चढवायला लागले, मग थांबले आणि त्यांनी तो खिशात घातला. "पहिल्या दिवशी तुमची पाटी बघितली, तेव्हाच ओळखलं. माझीच पाटी होती ती."

मला खूप काही बोलायचं होतं. दोन महिन्यांचं साठलं होतं. पण ते उठले, त्यांनी सात नंबर फडक्यात गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला. दोन्ही हात एकाच मापाचे होते.

"घाटात ओल फार असते," ते म्हणाले. "तेल देत जा. बायका तेल द्यायला विसरतात."

"येते, साहेब," मी म्हटलं, आणि आणखी काही ऐकायच्या आत बाहेर पडले.

पुढच्या खंडेनवमीला मी सावळघाटहून मुख्यालयात आले. मुद्दाम उशिरा आले, रांगोळी चुकवायला. तर रांगोळी आधीच काढलेली होती. एक रेघ इकडे, एक रेघ तिकडे, मधे कसलं तरी कमळ. इनामदार कानाशी येऊन कुजबुजले, "साहेबांनी काढलीय. काही बोलू नका."

मैदानाकडून ओळखीचा आवाज येत होता. दोन नव्या फौजदार मुली आल्या होत्या आणि त्यांच्यावर तो कोसळत होता. "मॅडम, हात दाखवा, हात! आधी हात दाखवा! असा नाही, पसरून!"

मी चौरंगाकडे वळले. मागे रायफली होत्या. पुढे, मधोमध, सात नंबरच्या जागेवर लाल कापडावर एक कानस ठेवली होती. जुनी, लाकडी दांड्याची. तिच्या दातांत ताजा भुसा अडकला होता.

साहेब घाम पुसत आले. हात पाठीमागे नव्हते. त्या महिन्याअखेर त्यांची रिटायरमेंट होती.

"आलात? बरं झालं," ते म्हणाले. "कुंकू तुम्ही लावा."

"कुणाला, साहेब?"

छडी कानशीकडे गेली. मी करंगळीच्या शेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि वाकले. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं.

"मॅडम," मागून आवाज आला, "जरा मधोमध लावा की!"